लिंबाचं रिव्हॉल्वर

पाट मांडून तासभर झाला, तरी मधली जागा रिकामीच होती.

कडेनं सगळं जागच्या जागी होतं. करुणाबाईंनी सकाळपासून घरातलं लोखंड घासून आणलं होतं. खुरपी, कोयते, ट्रॅक्टरचे पाने, फवारणीच्या पंपाची नळी. त्यांच्या मुलानं, सुदर्शननं, रांजणगावच्या कंपनीत मापं घ्यायचं आपलं व्हर्नियर ठेवलं होतं. दौंडहून आलेल्या त्याच्या काकानं, रविराजनं, रेल्वेतली गार्डाची शिट्टी ठेवली होती. मुदतीआधी रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी खंडेनवमीला ती पाटावर आली नाही तर त्याला नोकरी फुकट गेल्यासारखं वाटायचं. मधली जागा सुदर्शनच्या आजोबांच्या, बापूंच्या, दोन रिव्हॉल्वरांची, आणि ती दोन्ही अजून लाल मखमलीत गुंडाळलेली सोफ्यावर पडून होती.

अंगणात झेंडूचे क्रेट रचलेले होते. दोन वाजता पुण्याच्या मार्केटला जाणारा टेंपो येणार होता. त्याच्या आत पूजा, नैवेद्य आणि जेवणं उरकायची होती. करुणाबाई तबक धरून उभ्या राहून राहून दमल्या.

"आई, थांब. आधी नंबर बघायचे, मग हळद लाव," सुदर्शन म्हणाला.

"आरं, नंबर काय बघायचा? देवाला नंबर लागतो व्हय?"

"देवाला न्हाई लागत. लायसनला लागतो."

घाई होती ती याचीच. कुरंदळ्यांची रीत अशी की खंडेनवमीला हत्याराला एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. ट्रॅक्टरचा पाना असो नाहीतर रिव्हॉल्वर. म्हणजे जे काय ठरायचं ते हळदीच्या आधी.

आठ दिवसांपूर्वी पुण्याच्या एका शौकीन गृहस्थांनी सुदर्शनला फोन केला होता. जुनी हत्यारं जमवण्याचा त्यांचा रीतसर परवाना होता. एका सर्कशीची पिवळी पडलेली जाहिरातही त्यांच्याकडे होती आणि तिच्यावर ‘नेमबाज बापूसाहेब कुरंदळे’ असं ठळक छापलेलं होतं. त्यांना बापूंचं रिव्हॉल्वर हवं होतं. दोन्हीपैकी कोणतंही नव्हे, बहिणीच्या डोक्यावरचं लिंबू ज्यानं उडवलं ते. आकडा ऐकून सुदर्शन मशीनपासून उठून बाहेर आला होता. गृहस्थांनी फोटो आणि नंबर मागितला, म्हणून त्यानं वडिलांच्या, सोपानरावांच्या, कपाटातलं त्यांच्या वाटणीचं गाठोडं सोडलं. नंबर वाचला तर शेवटचे आकडे एक-आठ. सोपानरावांच्या लायसनवर एक-सात. रोज सुटे भाग तपासणाऱ्या माणसाला एवढं पुरे होतं.

मग त्यानं दिवाणखान्यातल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. या फोटोची ओळख शिरूर तालुक्यात करून द्यायला नको. बापू हात ताणून उभे, तेरा पावलांवर परकरातली बयाबाई, तिच्या डोक्यावर लिंबू. बापूंच्या हातातल्या रिव्हॉल्वरच्या नळीला टोकाशी माशी होती. नेम धरताना जिच्यावर डोळा लावतात ती तांदळाएवढी पात. घरातल्या रिव्हॉल्वरला माशी नव्हती. ती कोणीतरी घासून काढलेली होती.

"सरळ हाय," सुदर्शननं सगळ्यांना सांगितलं. "गेल्या वर्सी नव्या घरात दोन्ही घरांची पूजा एकत्र झाली. उत्तरपूजेनंतर गुंडाळताना अदलाबदल झाली. आमचं तुमच्याकडं गेलं, तुमचं आमच्याकडं ऱ्हायलं."

आता गुंडाळलं कोणी, हा प्रश्न आला. तो जावांकडे वळणार हे उघड होतं.

"मी न्हाई बाई," करुणाबाई म्हणाल्या. "मी दोन्ही सीमाकडं दिली, हळद पुसायला."

"आक्का, मला एकच दिलं तुम्ही," सीमा म्हणाली. ती रविराजची बायको. मोठ्या जावेपुढं आवाज चढवायचा नाही, पण माघारही घ्यायची नाही, हे तिला तीस वर्षांत छान जमलं होतं. "दुसरं आधीच गुंडाळून ठिवलेलं व्हतं."

"मग ते काय आपोआप गुंडाळलं गेलं?"

"कापडं कुणी शिवली व्हती एकसारखी?"

कापडं करुणाबाईंनीच शिवली होती, एकाच मखमलीच्या तुकड्यातून. काटकसर अशी कधीकधी अंगाशी येते.

रविराजनं आपलं गाठोडं सोडलं. नळीच्या टोकावर माशी होती. मुठीखाली नंबर होता, एक-सात.

"झालं," सुदर्शन हात पुढे करत म्हणाला. "द्या काका. हे घ्या तुमचं."

रविराजनं दिलं नाही.

का दिलं नाही, हे त्याला कोणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. पुण्याच्या माणसाचा आकडा त्याच्याही कानावर आला होता, पण ते कारण नव्हतं. रविराज जन्मला तोवर बापूंनी हत्यार खाली ठेवून वर्ष झालं होतं. डोळ्यांनी दगा दिला, असं बापू सांगायचे. रविराजनं बाप पाहिला तो झेंडूच्या सऱ्यांत वाकलेला. गावात कोणी बापूंची गोष्ट काढली की थोरला भाऊ सोपान छाती पुढे काढून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, तू नव्हतास तवा. अठ्ठावन्न वर्षं तो हे ऐकत आला होता. आणि आज अचानक फोटोतलं, लिंबाचं रिव्हॉल्वर त्याच्या हातात होतं. वर्षभर त्याच्याच घरात होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"दादा," तो सुदर्शनकडे न बघता भावाला म्हणाला, "बापू गेल्यावर लायसनची कागदं कुणी भरली?"

"मी भरली," सोपानराव म्हणाले.

"मग तवाच उलटी भरली असतील. माशीवालं माझं व्हतं. बापू मला बोलले व्हते, चांगलं ते धाकट्याला."

"कवा बोलले?"

"बोलले व्हते."

"कोण व्हतं तवा?"

रविराज थांबला. बापूंचे शेवटचे दिवस, दवाखाना, त्यांचा तो घोगरा आवाज. बोलले होते का? का त्यानंच मनात इतक्यांदा बोलवून घेतलं होतं की आता आवाजासकट ऐकू यायचं?

"कुणी नव्हतं," तो म्हणाला. "पर बोलले व्हते."

सोपानरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ गोष्टी केल्या, पण त्यांची खरी मिळकत एकच. आठ वर्षांचे असताना जत्रेच्या तंबूत पहिल्या रांगेत बसून बापाचा नेम पाहिला, ही. रिव्हॉल्वर विकायचं त्यांच्या मनात नव्हतं. मुलगा विकणार हे कळत होतं आणि मुलाला नाही म्हणायचं धाडस नव्हतं. भावाकडे राहिलं तर निदान घरात राहील, असंही वाटत होतं. पण नंबर मुलाच्या बाजूनं होता. ते कोणाच्या बाजूला आहेत, हे त्यांना त्या क्षणी दहा मिनिटांत तिसऱ्यांदा कळेनासं झालं.

"आप्पा, तुम्ही तर बघितलंय ना?" रविराजची मुलगी प्रांजल म्हणाली. इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "त्या दिवशी बापूंच्या हातात कोणतं होतं? माशी होती का?"

"आगं, आठ वर्सांचं पोर माशी बघंल का लिंबू बघंल? लिंबू पडलं. तंबू नुसता टाळ्यांनी हादरला. एवढंच ध्यानात हाय."

"तुम्ही माशीवर कशाला गेलात?" सुदर्शन चिडून म्हणाला. "नंबर बघा की. नंबरवर भागतंय सगळं."

"नंबरवर भागत नाही, दादा," प्रांजल म्हणाली. "नंबरवरच अडतंय."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सीमानं हातातली पानं खाली ठेवली.

प्रांजल पोलिस भरतीत लागली होती. हे तिसरं वर्ष, आणि वयाच्या हिशेबात शेवटचं. दौंडच्या मैदानावर पहाटे पळून पळून तिच्या दोन्ही पायांची नखं काळी पडली होती. यादीत नाव आलं तेव्हा रविराजनं गल्लीत पेढे वाटले होते. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. घरात कोणावर गुन्हा नाही एवढं लिहून आलं की नेमणुकीचा कागद.

"लायसन एका नंबराचं आणि घरात हत्यार दुसऱ्या नंबराचं," ती म्हणाली. "कोणाला कळलं तर दोन्ही घरांवर गुन्हा लागतो. चुकून झालं, पूजेत झालं, हे कोर्टात सांगायचं. आणि कोर्टाची तारीख पडेपर्यंत माझी जागा दुसरीला जाईल. पप्पा, चौफुल्यापासून रिव्हॉल्वरची पिशवी माझ्या मांडीवर होती. न्हावऱ्यात नाकाबंदी होती. त्या हवालदारांनी मला हसून ‘जा बेटा’ म्हटलं."

तिनं बापाच्या हातातल्या मखमलीकडे बोट दाखवलं.

"म्हणून म्हणते, आत्ताच्या आत्ता बदला. ज्याचा नंबर त्याच्याकडं."

"मी दुसरं काय म्हणतोय मघापासून?" सुदर्शन म्हणाला.

"आन् कागदच उलटी भरलेली असली तर?" रविराज म्हणाला. "मग ती नीट करून घेऊ. वकील बघू."

"वकील बघायचा म्हणजे सांगायचं, पप्पा. सांगितलं की संपलं."

"अहो, देऊन टाका," सीमा म्हणाली. "पोरीच्या नोकरीपुढं काय हाय ते? लोखंड तर हाय."

"लोखंड न्हाई ते."

"मग काय हाय?"

रविराजनं रिव्हॉल्वर मखमलीसकट छातीशी धरलं. सीमानं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा माणूस कोण, हे पुन्हा नव्यानं विचारावं लागतंय.

सुदर्शनचा संयम तिथं संपला. "ऐका काका. हे आत्ता दिलं तर माझं तोंड बंद. न्हाई दिलं तर मी अर्ज देतो, आमचं हत्यार तुमच्याकडं हाय म्हणून."

"धमकी देतो व्हय रं?"

"धमकी कशाची? अर्जात पहिलं नाव माझ्याच बापाचं येणार, कळतं मला."

"तरी देशील?"

"देईन."

करुणाबाईंनी तबक दाणकन टेबलावर ठेवलं. कुंकू सांडलं. "बहीण हाय ती तुझी! राखी बांधली तिनं तुला दोन महिन्यांमागं. हातावर हाय का पडली?"

सुदर्शननं मनगट झाकलं नाही आणि वरही केलं नाही. खरं तर अर्ज हा शब्द तोंडातून गेल्याबरोबर त्याला त्याची लाज वाटली होती. पण सगळ्यांसमोर बोललेला शब्द परत घ्यायची रीत कुरंदळ्यांत कोणी शिकवलीच नव्हती.

"आत्याला इचारा," सोपानराव एकदम म्हणाले.

सगळे दाराकडे वळले. बयाबाई, बापूंची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दाभणानं झेंडूचे हार ओवत होती. ट्रॅक्टरचा हार झाला होता, मोटारसायकलचा चालू होता. पदर नेहमीसारखा डाव्या कानावरून घट्ट ओढलेला. लग्न होऊन, विधवा होऊन, भावाच्या घरी परत येऊन तिला एक जन्म झाला होता. घरातली भांडणं तिला पंख्याच्या आवाजाइतकीच सवयीची होती.

"बारा वर्सं ती समोर उभी व्हती," सोपानराव म्हणाले. "तिच्यापरास जास्त कुणाला ठावं?"

"विचारा," रविराज म्हणाला. "आत्या म्हणली हे लिंबाचं न्हाई, तर मी आत्ता देतो. शब्द हाय माझा."

"आणि लिंबाचंच हाय म्हणाली तर?" सुदर्शननं विचारलं.

"तर मी देत न्हाई. मग तू अर्ज दे, न्हाईतर काय बी कर."

प्रांजलनं डोळे मिटून घेतले. तीन वर्षांचं पळणं आता एका म्हातारीच्या आठवणीवर येऊन थांबलं होतं. आणि म्हातारीला काल काय जेवली ते आठवत नव्हतं.

सोपानरावांनी दोन्ही रिव्हॉल्वरं तिच्या मांडीवर फुलांत ठेवली. "आत्या, यातलं लिंबाचं कुठलं?"

बयाबाईंनी खाली बघितलंसुद्धा नाही. "मला काय ठावं? मी समोर उभी. मला नुसतं भोक दिसायचं."

"आठवून बघ की."

"एवढ्या वर्सांचं कुठलं आठवतंय? बाजूला घ्या ते. फुलांला तेल लागतंय."

तिनं दाभण उचललं. उचलताना तिची नजर प्रांजलवर गेली. पोरगी बाप आणि चुलतभाऊ यांच्या मधोमध उभी होती. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ, डोळे मिटलेले.

"ही अशी का उभी हाय?" बयाबाई म्हणाली. "बस की गं."

"काही नाही, आजी."

"बस म्हणते ना! अशी उभी ऱ्हाऊ नगं."

तिचा आवाज फाटला. प्रांजल दचकली आणि जिथं होती तिथंच फरशीवर बसली. बयाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"हिची नोकरी जाईल व्हय, मी न्हाई सांगितलं तर?"

बयाबाईंनी दाभण फुलात खोचून ठेवलं. एक रिव्हॉल्वर बाजूला सारलं, दुसरं उचललं आणि अंगठा नळीच्या टोकावर फिरवला, जिथं माशी असायला हवी होती तिथं.

"हे," ती म्हणाली.

"आत्या, ते न्हाई. फोटोत माशी हाय," रविराज म्हणाला.

"फोटो काढला तवा व्हती. मागनं त्यानं घासली. कानस घेऊन बसला व्हता सकाळभर, माझ्यासमोर. म्हणला, आता ह्याच्यावर कुणी नेम धरणार न्हाई, मी बी न्हाई. ते दुसरं नुसतं जोडीला असायचं. मेणबत्त्या इझवायला."

"पण का घासली?"

बयाबाईंनी डाव्या कानावरचा पदर मागे सारला. कानाची खालची पाळी नव्हती. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याची गोष्टही माहीत होती.

"ते तर बैलानं शिंग मारलं व्हतं," करुणाबाई म्हणाल्या.

"बैलाला कशाला बोल लावता? त्या बिचाऱ्यानं काय बी केलं न्हाई."

हे समजायला घराला थोडा वेळ लागला. सगळ्यात आधी समजलं ते सोपानरावांना, आणि त्यांनीच ते घेतलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई, आत्या. मी व्हतो तिथं. पहिल्या रांगेत. लिंबू पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"लिंबू पडणारच की. मी गुडघ्यावर आले, मग लिंबू काय वर ऱ्हातंय? मी पदर वढला कानावर आन् तशीच वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं, खेळच हाय." तिनं भाच्याकडे पाहिलं. "तू बी वाजवल्यास टाळ्या. उभा ऱ्हाऊन."

सोपानराव खाली बसले. खुर्ची कुठं आहे हे न बघता बसले, ती होती म्हणून बरं. साठ वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी पोट भरलं नाही, पण मन भरलं, ती त्यांच्या डोळ्यांदेखत एका कानाच्या पाळीएवढी उरली. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"म्हणजी बापूंचा नेम चुकला व्हता," ते म्हणाले.

बयाबाई काही बोलली नाही. ती रिव्हॉल्वरवरची झेंडूची पाकळी काढत होती.

रविराज उठला. त्यानं माशीवालं उचललं, मूठ उलटी करून नंबर पाहिला आणि ते सुदर्शनच्या हातात दिलं.

"एक-सात. जुळतोय का बघ."

सुदर्शननं बघितलं. नंबर जुळत होता. सकाळपासून याच एका नंबरसाठी त्यानं सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. आता तो नंबर मेणबत्त्या विझवणाऱ्या रिव्हॉल्वरवर होता, आणि पुण्याच्या गृहस्थांना हवं होतं ते लायसनप्रमाणे काकाचं. बोलायची सोय राहिली नव्हती. नंबरवर भागतंय सगळं, हे त्याचेच शब्द होते.

"जुळतोय," तो म्हणाला. मग कोणाकडे न बघता म्हणाला, "प्रांजल, मी अर्ज देणार नव्हतो."

"माहीत होतं," प्रांजल म्हणाली. तिला अजिबात माहीत नव्हतं.

रविराजनं आत्याच्या मांडीवरचं रिव्हॉल्वर दोन्ही हातांनी उचललं. नंबर एक-आठ. त्याच्या लायसनचं, लिंबाचं. हवं होतं तेच मिळालं होतं, आणि आता ते नेमकं काय आहे हेच त्याला कळेना. बापाचा मोठेपणा त्याला हवा होता. हाती आली ती बापाची सगळ्यात वाईट सकाळ, कानशीच्या खुणांसकट. पण त्यानं ते खाली ठेवलं नाही. थोरल्यानं पाहिलेला बाप टाळ्यांतला होता. हा बाप, कानस घेऊन बसलेला, सोपाननंसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"इकतो का रं आता ते?" सोपानरावांनी विचारलं.

"न्हाई," रविराज म्हणाला. "हे कसं इकायचं, दादा?"

"बाराला पाच मिन्टं हायेत," करुणाबाई म्हणाल्या. सांडलेलं कुंकू त्यांनी बोटानं गोळा करून परत तबकात घातलं होतं. "ठिवा पाटावर. आन् सीमा, ह्या बारीला एका कापडावर गाठ मार बाई."

सीमानं गाठ मारली, आणि वर सेफ्टी पिनही लावली. दोन्ही रिव्हॉल्वरं मधोमध बसली, हळद लागली, कुंकू लागलं. आरतीत सोपानरावांचा आवाज निघाला नाही, तेव्हा रविराजनं दोघांच्या वाटचं म्हटलं.

जेवणं झाली. टेंपो क्रेट भरून न्हावरा फाट्याच्या दिशेनं गेला. दोघे भाऊ ओट्यावर पान खात बसले होते. प्रांजल बयाबाईंशेजारी खाली बसून देठ खुडून फुलं हातात देत होती. तिच्या डोक्यात काहीच धड लागत नव्हतं. पोलिसात जायच्या आधीच आपण एक गुन्हा घरातल्या घरात मिटवला, यावर हसावं का घाबरावं, हेही तिला ठरवता येईना.

"आजी," ती म्हणाली, "माझ्यामुळं बापूंचं नाव गेलं."

"त्याचं नाव कुठं गेलं? त्याचा नेम चुकलाच न्हाई."

प्रांजलच्या हातातलं फूल हातातच राहिलं. "आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"मी कुठं म्हणले? सोपान म्हणला. मी गप बसले." बयाबाईंनी ओट्याकडे एकदा बघून घेतलं. "मी हालले."

"म्हणजे?"

"हालले. बारा वर्सं न्हाई हालले. माशी बसली तरी न्हाई, खोकला आला तरी न्हाई. त्या दिशी हालले. एवढंसं." तिनं दोन बोटांत अंतर दाखवलं, गव्हाच्या दाण्याएवढं.

"मुद्दाम?"

"तेच तर कळत न्हाई गं. साठ वर्सं इचार करते. पायाला मुंग्या आल्या म्हणू, का कुणी पोर वरडलं म्हणू, का नगंच झालं व्हतं ते उभं ऱ्हाणं. इचार करून करून आता तिन्ही खरं वाटतंय."

"पण मग बापूंना सांगायचं ना, आजी! ते मरेपर्यंत समजत राहिले, माझा नेम चुकला. हत्यार सोडलं त्यांनी."

"रोज सांगावं वाटायचं. कानस घेऊन बसला तवा तर तोंडाशी आलं व्हतं. रडत व्हता माझा भाऊ. मोठा माणूस, पर हुंदकं देऊन रडत व्हता." बयाबाईंनी पदर पुन्हा कानावर घट्ट ओढला.

"मग का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर फुडल्या जत्रंत त्यानं मला पुन्यांदा उभी केली असती."